नवरत्नांची अंगठी आणि निसटलेले पोवळे

गेल्या दिवाळीत मी माहेरी, जबलपूरला गेले होते. एका सकाळी स्वयंपाकघरात पाहते तो काय, आई परात पुढ्यात घेऊन कणकेची एकेक लाटी मोडून बघत होती. तिच्या बोटातल्या नवरत्नांच्या अंगठीतले एक घर रिकामे होते. पाचव्या लाटीत पोवळे सापडले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

बाबा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ही अंगठी आईला करून दिली होती. आता बाबा नाहीत. येत्या वैशाखात दादाच्या मुलीचे लग्न आहे आणि ही अंगठी नातीच्या बोटात घालायची, हे आईने कधीचेच ठरवून टाकले आहे. म्हणून पोवळे मिळाल्याचा आनंद झाला खरा, पण ते हातात घेतल्यावर आमचे चेहरे उतरले. शेंदरी रंग फिका पडला होता आणि कड खडबडीत झाली होती.

चूक कुठे झाली?

संध्याकाळी आम्ही दोघी सराफ्यात गेलो. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणाऱ्या कमानिया गेटच्या आसपासचा हा जुना बाजार. खडे बसवणाऱ्या कारागिराला इकडे 'जडिया' म्हणतात. वयस्कर जडियांनी अंगठी भिंगाखाली धरली आणि विचारले, "माँजी, ही मध्यंतरी कुठे मोठी करून घेतली होती का?"

घेतली होती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात. आईची बोटे सुजत, म्हणून एका दुकानात माप वाढवून आणले होते. त्या दुकानाने खडे न काढताच अंगठी कापली, सोन्याचा तुकडा जोडला, झाळले आणि तेजाबात टाकून उजळली. माणकाला किंवा नीलमला कदाचित त्याचे काही वाटले नसेल. पण मोती आणि पोवळे? ही दोन्ही रत्ने समुद्रातल्या जिवांनी घडवलेली आणि मुख्यतः चुन्याच्या जातीची. संगमरवरी ओट्यावर लिंबू पिळले की जसा डाग पडतो, तसेच तेजाबात त्यांचे होते. पोवळ्याची कड झिजली, ते घरात सैल झाले आणि एक दिवस कणकेत उतरले.

नऊ रत्ने, नऊ स्वभाव

नवरत्नांची अंगठी दिसते एकजीव, पण तिच्यातल्या रत्नांचे स्वभाव फार वेगळे. मोह्‌स या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची पट्टी तयार केली. तिच्यावर हिरा १०, माणिक, नीलम आणि पुष्कराज ९, लसण्या साडेआठ, पाचू साडेसात ते आठ, गोमेद सात-साडेसात. पोवळे मात्र साडेतीन-चारच्या आसपास आणि मोती त्याहूनही नरम असू शकतो. पाचू कठीण असला तरी त्यात बहुधा बारीक चिरा असतात, त्यांत तेल भरलेले असते, म्हणून त्याला आच सोसत नाही. थोडक्यात, एकाच आचेवर नऊ जणांना बसवणे म्हणजे एकाच पातेल्यात वरण आणि दूध शिजवण्यासारखे!

म्हणून या कामाचा पहिला नियम असा, की आगीचे आणि तेजाबाचे सगळे काम आधी, खडा सर्वांत शेवटी.

खडा बसतो कसा?

जडियांनी नऊही खडे काढले आणि कागदावर त्याच क्रमाने मांडले. मधोमध माणिक, भोवती बाकीचे आठ. जुन्या घरांच्या कडा त्यांनी नाकारल्या. सोन्याची कड वारंवार वाकवली की ती कडक होते आणि चिरते. त्यांनी नवी घरे करायला घेतली. पोवळ्याचे घर त्याच्या झिजलेल्या मापाचे, किंचित लहान.

घर म्हणजे पातळ पट्टीची छोटी डबी. आत खड्याला टेकायला बैठक असते. बैठकीवर खडा डुगडुगला तर तो पुढे कितीही दाबला तरी सुटणार. पट्टीची उंची खड्याच्या सर्वांत रुंद कडेपेक्षा जराच जास्त हवी. फार उंच झाली तर खडा झाकला जातो, कमी पडली तर पकडच येत नाही. तीन मिलिमीटरच्या खड्याला केसभर फरकही पुरतो. असा हिरा वजनाने जेमतेम दहा सेंट, म्हणजे कॅरटचा दहावा भाग भरतो!

मग कड दाबायची. तीही एका बाजूने गोल फिरत नव्हे. गोधडी शिवताना आपण आधी चारी कोपरे टाचून घेतो ना, तसेच. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग उरलेल्या दोन, मग मधल्या जागा. एकाच बाजूने दाबत गेले तर खडा तिरका सरकतो. शेवटी त्यांनी कडेवरून रेशमाचा धागा ओढून पाहिला. धागा अडकला, तर कड कुठेतरी उचललेली आहे असे समजायचे.

तुमच्या दागिन्यांसाठी

- माप बदलताना किंवा डाग देताना खडे काढणार का, हे आधी विचारा. मोती, पोवळे आणि पाचू असतील तर आग्रहच धरा.
- खडा निघाला तर घरी गोंदाने चिकटवू नका. अर्धे छिद्र पाडलेला मोती खुंटीवर चिकटवतात, ती रीत वेगळी. घरात बसणाऱ्या खड्याला धातूचीच पकड हवी.
- बारीक हिऱ्यांच्या काट्यांसाठी १८ कॅरट सोने २२ पेक्षा कडक असल्याने बरे. कुंदनकामात मात्र शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा खड्याभोवती दाबतात. त्या दागिन्यांत आत लाख असते, म्हणून ते गरम पाण्यात घालू नका. पाणी आत शिरले की खड्यामागची चमक जाते.
- २०२१ मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना त्यातून सूट मिळाली. असा दागिना घेताना सोन्याचे वजन, शुद्धता आणि खड्यांचे वजन बिलावर वेगवेगळे लिहून घ्या.
- महिन्यातून एकदा दागिना कानाशी धरून हलवा. बारीक खुळखुळ आली तर तो घालणे थांबवा.
- मोती आणि पोवळे फक्त ओलसर मऊ कापडाने पुसा. अत्तर आधी, दागिना नंतर.
- आणि कणीक मळताना अंगठी काढून ठेवा!

तेच पोवळे

जडियांनी आईला नवे पोवळे दाखवले होते. रंगाने सुरेख, किमतीनेही फार नाही. आई म्हणाली, "नको. यांनी आणलेलेच बसवा." त्यांनी वाद घातला नाही. पोवळे हलकेच घासून साफ केले, मात्र बजावले, की गेलेला रंग परत येणार नाही आणि ही अंगठी रोज वापरायची नाही.

सहाव्या दिवशी अंगठी मिळाली. आठ रत्ने झळझळीत, एक जरासे फिके. आईने ती डबीत ठेवली आणि मला सांगितले, "एका कागदावर लिही. सणावारी घालायची, घरकामाला काढून ठेवायची, आणि सोनाराकडे दिली तर खडे मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे."

तो कागद मी लिहिला. वैशाखात अंगठीबरोबर तोही भाचीच्या हाती जाईल.