गाडीचे शॉकअप : आधी काय बदलावे?



धान विकून चार पैसे हाती आले की घरात बेत सुरू होतात. ज्यांच्या अंगणात जुनी कार उभी आहे, त्यांच्या घरी यंदा एक नवा बेत ऐकू येतो. "गाडी लई आदळते. कॉइलओव्हर बसवून टाकू." शहरात शिकणारा मुलगा हे नाव घेऊन येतो आणि वडील पैसे मोजायला बसतात. त्या आधी दोन गोष्टी समजून घ्या.

आपल्या बंडीला स्प्रिंग नसते. चाकाला बसलेला दणका थेट पाठीच्या कण्याला बसतो. मोटारीत तो दणका स्प्रिंग झेलते. पण एकदा दबलेली स्प्रिंग वरखाली नाचतच राहील. तो नाच थांबवतो शॉकअप. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळी तिथेच जिरते. वजन पेलते ती स्प्रिंग, उसळी जिरवतो तो शॉकअप, एवढे ध्यानात ठेवा.

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांची एकत्र जोडी. तिच्या अंगावर आटे असतात आणि कडे फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते. बाजारातले बहुतेक संच गाडी खाली बसवण्यासाठी आणि वळणावर ताठ ठेवण्यासाठी केलेले असतात. गुळगुळीत रस्त्यावर ते शोभते. आपले रस्ते कसे आहेत? लोहखनिजाच्या जड ट्रकांनी आष्टी-आलापल्ली रस्ता कसा उखडला होता, ते त्या भागातल्या लोकांनी भोगले आहे. अशा रस्त्यावर चाकाला वरखाली जायला जागा लागते. ताठ स्प्रिंगवर चाक खड्ड्यावरून उडते. उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते. त्यात स्वस्त संचाचे आटे पावसाळ्यातल्या चिखलाने गंजले, की कडे जागचे हलत नाही. मग ज्यासाठी जास्तीचे पैसे दिले, तेच काम होत नाही.

तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावे. खर्चाचा क्रम असा ठेवा.

पहिली तपासणी फुकटची. टायरमधील हवा गाडीवर लिहिल्याप्रमाणे आहे का ते पाहा. मग गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. वर येऊन एखाद्या हेलकाव्यात थांबली तर ठीक. डुलतच राहिली, शॉकअपवर तेल ओघळले असेल किंवा टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला असेल, तर शॉकअप गेला असे समजा.

दुसरे, बुश आणि वरचे रबरी माउंट. पुष्कळदा खडखडाट यांचाच असतो आणि दोष शॉकअपला लागतो. हे काम थोडक्यात भागते.

तिसरे, शॉकअप. मूळ मापाचे, खात्रीच्या दुकानातून, पक्क्या पावतीने घ्या. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही एकदमच बदला. एक नवा, एक जुना ही जोडी उधळ्या बैलासारखी एका बाजूला ओढते.

चौथे, स्प्रिंग. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. एक बाजू बसलेली दिसली तरच स्प्रिंगचा विचार करा.

काम करून घेताना तिथेच उभे राहा. बुशचे नट गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाके जमिनीवर टेकून भार आल्यावर आवळावेत, नाहीतर रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. दाबलेली स्प्रिंग घरी उघडण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. ती सुटली तर जीव घेते.

गाडी खाली घासते म्हणून काही जण स्प्रिंगमध्ये रबराचे गट्टू घालतात. त्याने उंची वाढते, पण तेवढी स्प्रिंग मुकी होते. आधी भार पाहा. 40 किलोचे 20 कट्टे म्हणजे 8 क्विंटल. तो भार कारचा नव्हे. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हाच बदल आडवा येऊ शकतो.

अहेरी-आलापल्लीहून गडचिरोली शंभरावर किलोमीटर. अडलेल्या लेकीला मध्यरात्री दवाखान्यात न्यायचे तर रुग्णवाहिका येईपर्यंत घरची गाडीच आधार. त्या रात्री गाडी किती खाली बसली आहे, हे कोणी पाहत नाही. मागच्या सीटवरच्या बाईला दणके किती बसले आणि ब्रेक दाबल्यावर चाक जमिनीला धरून राहिले का, एवढेच पाहायचे असते. पैसा त्यासाठी खर्च करा.