विषाणू गेला, फाईल माळ्यावर गेली

हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांचा १२ आठवड्यांचा कोर्स संपला. आणखी १२ आठवड्यांनी रक्त तपासले आणि अम्मीच्या रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असे छापून आले. त्या दिवशी ईद नसताना आमच्या घरी शीरखुर्मा झाला. फाईल पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. ही २०२१ ची गोष्ट. ती फाईल खाली उतरली थेट अडीच वर्षांनी, अम्मीच्या यकृतात दोन सेंटिमीटरची गाठ सापडली तेव्हा.

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. त्या निमित्ताने या वेळी आमच्याच घरची चूक सांगत आहोत. अशी बंद फाईल आणखी किती घरांच्या माळ्यावर असेल, कोण जाणे.

अम्मीला हा आजार बहुधा धाकट्या भावाच्या जन्मावेळी चढवलेल्या रक्तातून लागला. तेव्हा १९८५ साल होते. या विषाणूची ओळखच १९८९ मध्ये पटली, मग रक्ताची चाचणी कुठून असणार? पुढची तीसेक वर्षे तो मुकाट्याने यकृतात राहिला. उर्दूत ज्याला आपण जिगर म्हणतो ते यकृत सहजासहजी तक्रार करत नाही. सूज येते, सुजेच्या जागी व्रण पडतात, व्रण वाढत वाढत सगळे यकृत कठीण होते. ही शेवटची अवस्था म्हणजे सिरॉसिस.

हा कठीणपणा मोजण्यासाठी फायब्रोस्कॅन नावाची तपासणी आहे. उजव्या बरगड्यांच्या मधल्या जागेवर यंत्राचे टोक टेकवतात, टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो आणि त्याची लहर यकृतातून जाते. यकृत जितके कठीण, तितकी लहर वेगाने धावते. असे दहा वेळा मोजून मधला आकडा घेतात. सुई नाही, दुखणे नाही. आधी किमान तीन तास काही खायचे नाही एवढेच, कारण जेवणानंतर आकडा खोटा वाढतो. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. हिपॅटायटिस सी असलेल्या माणसाचा आकडा साधारण १२.५ च्या पुढे गेला, तर डॉक्टर सिरॉसिस धरून चालतात.

अम्मीचा औषधाआधीचा आकडा होता १७. फाईल उघडली तेव्हा तो कागद दुसऱ्याच पानावर होता आणि कोपऱ्यात डॉक्टरांच्या हातचे इंग्रजीत लिहिलेले होते: दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. मुलांच्या वह्यांत एवढीशी वेलांटी चुकली तरी लाल शाईने गोल करणारे आम्ही! निकाल वाचला, शेरा वाचलाच नाही.

गोळ्या विषाणू मारतात. शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक रुग्णांत तो कायमचा जातो आणि कॅन्सरचा धोकाही पुष्कळ उतरतो. पण आधीच पडलेले व्रण गोळीने पुसले जात नाहीत. ज्याला सिरॉसिस झाला आहे, त्याच्या यकृतात विषाणू गेल्यावरही गाठ होऊ शकते, म्हणून त्याची सहामाही सोनोग्राफी बंद होत नाही. व्रण फारसे नव्हते अशा रुग्णाला विषाणू गेल्यावर कॅन्सरसाठी अशी नियमित सोनोग्राफी सहसा लागत नाही. तेव्हा घाबरू नका, आपण कोणत्या गटात आहोत ते विचारा.

सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून ती कॅन्सरचीच असते असे नाही. अगदी लहान, एक सेंटिमीटरच्या आतली असेल तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहतात. मोठी असेल तर शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. निरोगी यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, कॅन्सरची गाठ मात्र रोहिणीचे रक्त ओढते. त्यामुळे ती औषधाने आधी उजळते आणि मग भोवतालच्या यकृतापेक्षा आधी फिकी पडते. अम्मीची गाठ तशीच उजळली आणि तशीच फिकी पडली.

नशीब एवढेच की ती दोनच सेंटिमीटरची होती आणि एकच होती. सुईतून उष्णता देऊन ती जाळली. पोट गच्च वाटते म्हणून अम्मीने सोनोग्राफी करून घेतली नसती, तर ती केवढी होऊन समोर आली असती, हा विचार आजही झोप उडवतो.

नंतरच्या फायब्रोस्कॅनमध्ये आकडा ११ आला. आम्ही हरखून विचारले, “आता सोनोग्राफी बंद करायची का?” डॉक्टर म्हणाले, “नाही. विषाणू गेला की सूज उतरते, म्हणून आकडाही उतरतो. व्रण गेले असा त्याचा अर्थ नाही.” गेल्या खेपेला तारीख रमजानात आली. अम्मी हसून म्हणाली, “बरंच झालं, उपाशीपोटी या म्हणून वेगळं सांगायला नको!”

हिपॅटायटिस बीची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, पण तो सहसा पुरता जात नाही, आणि सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. अशा रुग्णाने गोळी आणि तपासणी, दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.

आपल्या घरात कुणाचा असा उपचार झाला असेल, तर आज फाईल खाली काढा. औषधाआधीचा फायब्रोस्कॅनचा आकडा किती होता, डॉक्टरांनी पुढे काय लिहिले आहे आणि शेवटची सोनोग्राफी कधी झाली, एवढे पाहा. कळले नाही तर फाईल घेऊन डॉक्टरांकडे जा. २८ जुलै २०१८ पासून देशात हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, त्यात सरकारी केंद्रांवर बी आणि सीची तपासणी व औषधे मोफत मिळतात.

आमच्या घरची फाईल आता माळ्यावर नसते. ती स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली आहे आणि पुढच्या तारखेला अम्मीने स्वतः लाल शाईने गोल केला आहे.