इंटरनेटचे देयक : गरज किती, भरणा किती?

पिंपरी : निगडी-प्राधिकरणापासून चाकणपर्यंतच्या वसाहतींत घरगुती इंटरनेटचे देयक हा आता वीजबिलासारखाच दरमहाचा खर्च झाला आहे. मात्र, अधिक वेगाची योजना म्हणजे अधिक चांगली सेवा, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

२००४च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस होता. २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस करण्यात आला. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार 'फुल एचडी' चित्रासाठी ५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे घरातील चौघांनी एकाच वेळी स्वतंत्र चित्रपट पाहिले, तरी गरज २० एमबीपीएसची. अशा घराने १०० एमबीपीएसची योजना घेतल्यास बराचसा वेग विनावापर राहतो.

त्यात जाहिरातीतील दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा. दोन योजनांत ३०० रुपयांचा फरक असेल, तर करासह तो ३५४ रुपये, म्हणजे वर्षाला ४,२४८ रुपये होतो.

वेग अपुरा वाटल्यास ग्राहकांनी आधी राउटरला केबलने संगणक जोडून तो मोजावा. तेथे पूर्ण वेग मिळत असेल, तर दोष योजनेचा नसून घरातील वाय-फायचा असतो. राउटरची जागा बदलण्यास पैसे पडत नाहीत. महागडी योजना मात्र दरमहा खिशाला भार ठरते.