टल्सा ‘घुसडलेले’ नाही



रविवारच्या पुरवणीतला ‘वॉचमेन’ मालिकेवरचा लेख वाचून संताप आला. सुपरहिरोच्या गोष्टीत वर्णद्वेष आणि इतिहास घुसडला, त्यामुळे मजा गेली, असा लेखकाचा सूर आहे. मालिका सुरू होते तीच १९२१ सालच्या टल्सा शहरात. ते काढून टाका, मग उरते काय?

३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत ओक्लाहोमातल्या टल्सात गोऱ्या जमावाने ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती पेटवून दिली. १२००हून अधिक घरे जळाली. मृतांचा अंदाज ३००पर्यंत जातो. दंगलीचे कलम दाखवून विमा कंपन्यांनी हात वर केले. एकाही गोऱ्याला शिक्षा झाली नाही. राज्याच्या चौकशी आयोगाचा अहवाल यायला २००१ साल उजाडले. तब्बल ८० वर्षे! २०१९ साली ही मालिका आली, तेव्हा कितीतरी अमेरिकी प्रेक्षकांना तो प्रसंग कल्पित वाटला. शाळेने जे कधी शिकवले नाही, ते त्यांना एका सुपरहिरोच्या मालिकेतून कळले. आणि हा इतिहास शिळाही नाही. जून २०२४मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने या हत्याकांडातून वाचलेल्या, शंभरी ओलांडलेल्या दोन स्त्रियांचा भरपाईचा दावा फेटाळला.

लेखकाने सहावा भाग नीट पाहिला असता, तर ‘घुसडले’ हा शब्द त्यांच्या लेखणीतून उतरला नसता. मूळ कॉमिकमधला पहिला मुखवटाधारी ‘हूडेड जस्टिस’ खरा कोण, हे तिथे निश्चित होत नाही. तो गोराच असणार, असे वाचकांनी गृहीत धरले. मालिकेत तो विल रीव्हज निघतो: टल्सातून वाचलेला पोरगा, पुढे न्यूयॉर्कचा पोलीस. त्याचेच गोरे सहकारी त्याच्या तोंडावर बुरखा चढवून त्याला झाडाला टांगतात आणि जीव जाण्याआधी दोर कापून, दम देऊन सोडतात. घरी परतताना तोच दोर गळ्यात, तोच बुरखा तोंडावर घेऊन तो गुंडांवर तुटून पडतो. पुढे बुरख्याच्या भोकांतून काळी कातडी दिसू नये म्हणून डोळ्यांभोवती पांढरा रंग लावतो. न्याय करणारा काळा आहे, हे कोणी खपवून घेणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. इथे मुखवटाच वर्णद्वेषातून जन्मला आहे. तो वेगळा काढून मजा कशी शिल्लक राहील?

राहिला सुपरहिरोच्या गोष्टीत राजकारण असावे का, हा मुद्दा. कॅप्टन अमेरिकाने पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावला, तोही अमेरिका युद्धात उतरण्याआधी. तेव्हा कोणाची मजा गेली होती?

जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. त्याच मराठी भाषेतल्या वृत्तपत्राने टल्साला अडगळ ठरवावे, ही शरमेची गोष्ट आहे.

आणखी एक. आपल्या ऐतिहासिक मालिकांत लढाया, दागिने, शालू यांची रेलचेल असते. पाणवठ्यावर कोणाला मज्जाव होता, हे क्वचितच दिसते. त्या इतिहासातून जे वगळले जाते, त्याबद्दल आपले समीक्षक कधी अवाक्षर काढत नाहीत. तक्रार फक्त तो दाखवला की होते.

येत्या रविवारी पुरवणीचे एक पान टल्साला द्यावे, ही मागणी आहे.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा