भेटीचा व्हिसा, मजुरीचा प्रवास

बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतून परदेशी कामाला जाणाऱ्या माणसाच्या पाठीशी भारतीय कायदा उभा राहतो की नाही, हे त्याच्या कौशल्यावर किंवा गरजेवर ठरत नाही. तो कोणत्या प्रकारच्या व्हिसावर विमानात बसला आणि तो व्हिसा कोणत्या देशाचा होता, मुख्यतः या दोन गोष्टींवर ते ठरते. आखाताची वाट या भागाला नवी नाही. 1956 पर्यंत हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर त्याच नावाच्या राज्याचा भाग होते. त्यामुळे भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथील तरुणाला परदेशाच्या वाटेवर आजही बंगळूरपेक्षा हैदराबाद किंवा मुंबईच जवळची वाटते. मात्र या वाटेवर त्याला भेटणारा पहिला मार्गदर्शक सरकारी कर्मचारी नसून एजंट असतो, आणि या अग्रलेखाचा रोख नेमक्या त्या पहिल्या भेटीवर आहे.

2024 या एकाच वर्षात या भागाने परदेशवाटेची दोन टोके पाहिली. 12 जून रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या वसाहत-इमारतीला लागलेल्या आगीत चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले आणि त्यात आळंद तालुक्यातील सरसंबा गावचा एक कामगार होता. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत कलबुर्गीचे काही तरुण रशियात अडकल्याचे उघड झाले. सुरक्षारक्षक किंवा मदतनीस म्हणून काम देण्याच्या बोलीवर एजंटांनी त्यांना नेले होते आणि प्रत्यक्षात ते युक्रेनच्या युद्धात रशियन सैन्यासोबत जाऊन पडले. कुवेतच्या दुर्घटनेत कंपनी कोणती आणि इमारतीची जबाबदारी कोणाची, हे पहिल्याच दिवशी ठाऊक होते आणि 14 जून रोजी हवाई दलाच्या विमानाने मृतदेह कोचीला पोहोचले. रशियाच्या प्रकरणात मात्र जुलैमध्ये पंतप्रधानांना मॉस्कोत हा विषय काढावा लागला आणि कलबुर्गीचे तरुण घरी परतायला सप्टेंबर उजाडला. जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार रशियन सैन्यात गेलेल्या भारतीयांची प्रकरणे 126 होती, त्यांपैकी 12 जणांचा मृत्यू झाला होता आणि 16 जणांचा ठावठिकाणा लागत नव्हता. नोंदलेल्या नोकरीमुळे मंगफचे मृत्यू टळले नाहीत, हे खरेच. पण नोंद असली की जाब कोणाला विचारायचा हे तरी कळते.

परदेशी रोजगाराचे नियमन आजही 1983 च्या उत्प्रवास कायद्याने होते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक, अशी नोंद असते आणि अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया, थायलंड इत्यादी 18 देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षक या केंद्रीय अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संगणकप्रणालीतून मिळते. तीत मालकाचे नाव, पगार आणि करार नोंदला जातो, आणि त्यासोबत काढावा लागणारा प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांसाठी अवघ्या 275 रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाखांचे संरक्षण देतो. (याच वर्गाच्या कामगारांना नारिंगी रंगाचे वेगळे पारपत्र देण्याची कल्पना जानेवारी 2018 मध्ये सरकारने जाहीर केली आणि टीका होताच त्याच महिन्यात मागे घेतली. गरिबाची ओळख गडद करणे म्हणजेच त्याचे रक्षण, असा तो अजब विचार होता.)

या व्यवस्थेची मेख अशी की ती फक्त खरे सांगणाऱ्याला तपासते. जो कामगार विमानतळावर ‘नोकरीसाठी जातो’ असे कागदोपत्री म्हणतो, त्याच्याकडे परवानगी मागितली जाते. तोच कामगार भेटीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर निघाला, तर तो कायद्याच्या लेखी पर्यटक असतो आणि मजूर म्हणून त्याची नोंदच होत नाही. रशिया 18 देशांच्या यादीत नाही, म्यानमारही नाही. मार्च 2025 मध्ये म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या 549 भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणावे लागले. थायलंड यादीत आहे, पण तेथे पर्यटक म्हणून उतरणाऱ्या भारतीयाला व्हिसाच लागत नसल्याने यादीचा उपयोग शून्य झाला. शिवाय दहावी उत्तीर्ण झालेला तरुण या तपासणीतून आपोआप सुटतो, आणि संगणकावर टंकलेखनाच्या नोकरीचे आमिष दाखवण्यासाठी एजंटाला हवा असतो तो नेमका असाच शिकलेला मुलगा.

गावोगावच्या चर्चेत ‘आझाद व्हिसा’ नावाची जी वस्तू विकली जाते, तिचा उलगडा येथे करणे आवश्यक आहे, कारण कोणत्याही आखाती देशाच्या कायद्यात असा व्हिसा अस्तित्वात नाही. प्रत्यक्षात कोणी तरी कफील, म्हणजे कामगाराची हमी घेणारा स्थानिक मालक, आपल्या नावावर व्हिसा काढून देतो, कामगार दुसरीकडे मिळेल ते काम करतो आणि इकामा, म्हणजे निवास परवाना, दरवर्षी नव्याने मिळावा म्हणून त्या कफिलाला पैसे भरत राहतो. तपासणी झाली की बेकायदा ठरतो तो कामगार. कुवेतमध्ये खासगी कंपनीच्या कामगाराला कलम 18 खाली आणि घरकामगाराला कलम 20 खाली परवाना मिळतो. कलम 20 वर आलेल्या माणसाने दुकानात किंवा बांधकामावर काम करणे गुन्हा असतो, पण व्हिसाचा कागद अरबीत असल्याने आणि एजंटाने त्याचा अर्थ सांगितलेला नसल्याने हा फरक अनेकांना तेथे पोहोचल्यावरच उमगतो. संयुक्त अरब अमिरातीने 2024 मध्ये परवान्याशिवाय कामगार ठेवणाऱ्या मालकाचा दंड 1 लाख ते 10 लाख दिरहमपर्यंत वाढवला, त्यामुळे ‘व्हिजिटवर जा, तिथे काम बघून व्हिसा बदलून घे’ हा जुना सल्लाही आता धोक्याचा झाला आहे.

वैध वाटा नाहीत असे नाही. मात्र त्या भाषेतून आणि प्रमाणपत्रांतून जातात. जर्मनीने जून 2024 पासून संधीपत्र हा नवा व्हिसा सुरू केला. मायदेशी मान्यता असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यवसाय प्रशिक्षण, तसेच जर्मन भाषेची प्राथमिक किंवा इंग्रजीची बरी जाण असणाऱ्याला या व्हिसावर तेथे जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते. आयटीआयमधील फिटर किंवा इलेक्ट्रिशियनला ही वाट तत्त्वतः मोकळी असली, तरी वर्षभराच्या खर्चापोटी दहा लाखांहून अधिक रुपये खात्यात दाखवावे लागतात आणि तेथेच बहुतेकांची गाडी अडते. जपानचा विशिष्ट कौशल्य व्हिसा भाषेची आणि कामाची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा क्षेत्रांत संधी देतो. ब्रिटनने मात्र जुलै 2025 मध्ये परदेशातून नव्या काळजीवाहकांची भरती बंद केली. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, ती अशी की 2015 पासून वरील 18 देशांत जाणाऱ्या नर्सना दहावीची सवलत लागू नाही. त्यांना तपासणीची परवानगी घ्यावीच लागते.

एवढी माहिती पुरवण्यासाठी यंत्रणाही आहे. कर्नाटक सरकारचे आंतरराष्ट्रीय स्थलांतर केंद्र परदेशी मालकांशी थेट करार करून स्लोव्हाकियासारख्या देशांत कुशल कामगार पाठवते. हे केंद्र ज्या कौशल्य विकास खात्याच्या अखत्यारीत आहे, त्याचे मंत्री शरणप्रकाश पाटील कलबुर्गी जिल्ह्यातील सेडमचे आमदार आहेत, हे पाहता या केंद्राची खिडकी कलबुर्गी आणि बीदर येथे उघडून तेथे कन्नड, मराठी, उर्दू या तिन्ही भाषांत व्हिसाचा कागद वाचून समजावून देणारा माणूस बसवणे अवघड नसावे. महाराष्ट्रानेही येथे हात आखडता घेऊ नये. डिसेंबर 2022 च्या विधिमंडळ ठरावात बीदर आणि भालकीसह 865 गावांवर हक्क सांगणाऱ्या आणि त्यानंतर त्या गावांना महात्मा फुले आरोग्य योजना देऊ करणाऱ्या राज्याने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्या करारातील भाषावर्गांच्या जागा सीमाभागातील मराठी मुलांना खुल्या केल्या, तर ठरावाचा त्यांना काही प्रत्यक्ष उपयोग होईल.

उरतो प्रश्न एजंटाचा. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने परदेशी भरती करणे हा 1983 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि नोंदणीकृत एजंटालाही कामगाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. पण या गुन्ह्याला कायद्यात लिहिलेली शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड, म्हणजे एका तरुणाकडून लाखो रुपये उकळणाऱ्याला जमेस धरायलाही न लागणारी रक्कम. 2025 मध्ये केंद्राने या कायद्याच्या जागी आणायच्या नव्या विधेयकाचा मसुदा मांडला. त्यात दंड एजंटाने उकळलेल्या रकमेच्या पटीत असावा, असा आग्रह दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी धरायला हवा. तोवर पोलिसांनी सध्याच्या कायद्यातील एक तरतूद वापरावी. या कायद्याखालील खटल्याला एरवी केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. मात्र फसवला गेलेला कामगार, किंवा त्याच्या वतीने त्याचे आईवडील, पती-पत्नी, भावंडे अथवा मुले तक्रार करत असतील, तर ती लागत नाही. आळंद किंवा औराद येथील ठाणेदाराने ‘दिल्लीहून परवानगी येऊ द्या’ किंवा ‘एजंट हैदराबादचा आहे, तिकडे जा’ असे सांगून आईबापांना परत पाठवण्याला कायद्यात आधार नाही.