घासलेल्या फुलाची किंमत

पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी पाणी स्वस्त. हिऱ्यावाचून कुणाचे अडत नाही, तरी हिरा महाग. हे कोडे अॅडम स्मिथपासून आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या मानगुटीवर बसले आहे. त्याचे उत्तर आम्हाला तोंडपाठ असते : दुर्मिळता. जे थोडे, ते मोलाचे. पण हे उत्तर नेहमीच पुरे पडते का? याचा विचार करण्यासाठी मी एक उदाहरण घेतो. जरा चमत्कारिक आहे, पण बोलके आहे. ते म्हणजे जपानी सैन्याच्या जुन्या रायफली जमवण्याचा छंद.

हा छंद आपल्याकडचा नव्हे. आपल्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवण्याची मुभा उरली. तिथे संग्रह कसला करणार? हा छंद फोफावला तो अमेरिकेत. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीपत्रावर सह्या केल्या आणि घरी परतणाऱ्या अनेक अमेरिकन सैनिकांनी आठवण म्हणून जपानी रायफली बरोबर नेल्या. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांना तिथला कायदा संग्राह्य वस्तूंचा वेगळा वर्ग देतो. मी स्वतः अशी रायफल पाहिली आहे ती फक्त छायाचित्रांत.

या रायफलींना सरसकट ‘अरिसाका’ म्हणतात. अरिसाका नारिआकिरा या लष्करी अधिकाऱ्याच्या १८९७ च्या आराखड्यावरून हे नाव पडले. पुढे १९०५ साली म्हणजे मेइजी राजवटीच्या अडतिसाव्या वर्षी ‘टाइप ३८’ आली. जपानी शककालगणनेच्या २५९९ व्या वर्षी, म्हणजे १९३९ साली, ‘टाइप ९९’ आली. पहिलीची गोळी ६.५ मिलिमीटरची, दुसरीची ७.७ ची. या दोन्ही लाखांनी बनल्या. त्यामुळे संग्राहक शोधतो ते अपवाद : छत्रीधारी सैनिकांसाठी मधोमध दोन तुकडे होणारी ‘टाइप २’; अचूक नेमबाजांची, दुर्बीण डाव्या अंगाला बसवलेली रायफल; किंवा १९३८-३९ च्या सुमारास जपानच्या आरमारासाठी चक्क इटलीत तयार झालेली ‘टाइप आय’.

आता मुख्य मुद्दा. जपानी सैन्याच्या रायफलीवर, नळीच्या मागच्या पोलादी भागावर, सोळा पाकळ्यांचे फूल कोरलेले असते. आपण जिला शेवंती म्हणतो आणि कन्नडमध्ये जिला सेवंतिगे म्हणतात, तेच हे फूल. ते जपानच्या सम्राटाचे चिन्ह. रायफल शिपायाच्या हाती असली तरी मालकी सम्राटाची, असा त्याचा अर्थ. शरणागतीनंतर असंख्य रायफलींवरचे हे फूल कानशीने किंवा यंत्राने घासून टाकलेले आढळते. आणि बाजाराचा हिशेब सरळ आहे : फूल शाबूत असेल तर भाव जास्त, घासलेले असेल तर कमी. आमच्या भाषेत सांगायचे तर बाजाराने या घासण्याला घसारा मानले आणि तेवढी किंमत वजा केली.

मला हा हिशेब चुकीचा वाटतो. यंत्र झिजले तर त्याची कार्यशक्ती घटते, म्हणून आपण घसारा आकारतो. फूल घासल्याने मात्र वस्तूतून काही वजा होत नाही, उलट तिच्यात एक नोंद वाढते. शिवाय ती नोंद सर्वत्र एकसारखी नाही. काही रायफलींवरचे फूल युद्ध संपण्याच्या कितीतरी आधी जपानी लष्करानेच रद्द केलेले असते. सैन्यातून बाद झालेली रायफल शाळेत कवायतीसाठी दिली की तिच्यावर सम्राटाचा हक्क उरत नसे, म्हणून फुलावर दुसरे ठसे मारत. म्हणजे एका खुणेत पराभव आहे, तर दुसरीत शाळकरी मुलांच्या खांद्यावर आलेले युद्ध. ही खूण वाचायची असते. वरून नवे फूल कोरून ती ‘दुरुस्त’ करणारे महाभाग आहेत, आणि त्यांची लबाडी चालते ती याच भावाच्या जोरावर.

हीच गोष्ट शेवटच्या काळातल्या रायफलींची. सुरुवातीच्या ‘टाइप ९९’ वर विमानावर नेम धरण्यासाठी पंख असलेली माशी, नळीला आतून क्रोमचा मुलामा, दस्त्याला पोलादी पट्टी असा सगळा थाट असे. १९४५ कडे येता येता पंख गेले, मुलामा गेला, पोलादी पट्टीच्या जागी लाकडाचा तुकडा खिळ्यांनी ठोकला गेला. पोलाद संपत चाललेल्या देशाचा ताळेबंदच तो! कोणी हौशी माणूस असल्या रायफलीला रंधा मारून, पॉलिश करून सुबक करतो, तेव्हा तो हा ताळेबंद फाडून टाकत असतो.

कोणी विचारेल, माणसे मारण्याच्या साधनाचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे मराठा पलटणीने जपानी सैन्याशी झुंज दिली. त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. त्याच इंफाळच्या मोहिमेत आझाद हिंद सेनेचे भारतीय सैनिक जपान्यांच्या बाजूने लढत होते. म्हणजे या शस्त्रांच्या दोन्ही अंगांना आपली माणसे होती. म्हणूनच मला कौतुक नको, पुरावा हवा. चकचकीत केलेले शस्त्र शोभेचे होते. ओरखडे, ठसे, खिळे जसेच्या तसे ठेवलेले शस्त्र साक्ष देते.

मित्रहो, रायफल आपल्या घरी नसेल, पण आजोबांचे पलटणीतले पदक असेल, त्यांचे पगारपुस्तक असेल, पणजीचे नाव घातलेली पितळी कळशी असेल. सणावाराला आपण चिंच लावून पितळ असे घासतो की काही वर्षांत नावच पुसले जाते. वस्तू लखलखते, पण ती कोणाची हे सांगणारे काही उरत नाही. या दिवाळीला निदान ती अक्षरे तेवढी वगळून घासा. आणि घासण्यापूर्वी ती एकदा वाचा, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्याविषयी विचारा आणि वहीत लिहून ठेवा.