एका फोटोत मावेना माजघर

दोस्तांनो, मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि माझी आठवीतली भाची वाईला गेलो होतो. वाईला माझ्या आत्याचा वाडा आहे. ‘आहे’ म्हणतोय खरा, पण तुम्ही हे वाचाल तेव्हा तो नसेलही. भाऊबंदांनी मिळून तो पाडायचं ठरवलंय. पावसाळा संपला की काम सुरू.

आत्यानं आम्हाला फक्त एक काम सांगितलं. “अरे, मला एक फोटो काढून द्या. माजघरात पलंगावर बसलं की दारातून चौकातली तुळस दिसते ना, तसा. चाळीस वर्षं मी तेच बघत आलेय.”

हात्तिच्या! एवढंच ना? भाचीनं खिशातून मोबाइल काढला, खटकन फोटो घेतला आणि आत्याला दाखवला. आत्यानं चष्मा पुसून पाहिला. “तुळस कुठाय गं?” खरंच की! दाराच्या जागी नुसता पांढराफेक चौकोन. भाचीनं मग बोट तुळशीवर टेकवलं आणि दुसरा फोटो काढला. आता तुळस छान आली, कट्ट्यावरची रांगोळीसुद्धा आली, पण माजघर गायब! पलंग नाही, खांब नाही, फडताळ नाही. सगळा डांबरासारखा काळोख.

“मामा, माझ्या डोळ्यांना तर दोन्ही दिसतंय. मग कॅमेऱ्याला का दिसत नाही?”

प्रश्न एकदम बिनतोड होता. आणि त्याच प्रश्नातून आमच्या सुट्टीतले चार दिवस कसे उडून गेले, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी डोळ्यांची गंमत. तुळशीकडे पाहताना आपल्या डोळ्याची बाहुली आक्रसते, अंधाऱ्या फडताळाकडे वळलं की ती मोठी होते. आपण एका क्षणी सगळी खोली बघतच नसतो. नजर इकडून तिकडे भिरभिरते आणि मेंदू ते तुकडे गुपचूप जोडून एक चित्र आपल्यापुढे ठेवतो. आपल्याला वाटतं, आपण एकच चित्र पाहिलं! कॅमेरा बिचारा सरळमार्गी. त्याचं शटर जितका वेळ उघडं, तितकाच वेळ सगळीकडून उजेड येणार. तुळशीला तो फार होतो, फडताळाला पुरत नाही.

त्यात नेहमीच्या डिजिटल फोटोत प्रत्येक रंगाच्या उजेडाला पायऱ्या असतात फक्त २५६. शून्य म्हणजे मिट्ट काळं, २५५ म्हणजे पांढरं. उजेड २५५ च्या वर गेला की संपलं! पेला भरल्यावर वरून कितीही पाणी ओता, पेल्यात तेवढंच राहणार. कट्टा असो, भिंत असो नाहीतर आकाश, सगळ्यांचे आपले २५५. म्हणून तो पांढरा चौकोन.

ही अडचण काही मोबाइलपासून सुरू झालेली नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाचे एक फोटोग्राफर होते. त्या काळी काचेवर फोटो निघायचे आणि त्या काचांवरचं रसायन निळ्या उजेडाला फार लवकर भुलायचं. समुद्राच्या लाटा नीट याव्यात म्हणून थांबावं, तर तोवर आकाश पांढरं होऊन ढग नाहीसे! ल ग्रेंनी काय करावं? एक काच समुद्रासाठी वापरली, दुसरी आकाशासाठी, आणि छापताना क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही बेमालूम जोडल्या. सेत या गावच्या समुद्रातल्या मोठ्या लाटेचं त्यांचं १८५७ चं चित्र असंच दोन काचांचं आहे. म्हणजे आमच्या आधी १६० पेक्षा जास्त वर्षं ही युक्ती कुणाला तरी सुचली होती!

भाचीला हे सांगताच ती म्हणाली, “मग आपण दोनच कशाला, चांगले सहा काढू या!”

घरातला जुना डिजिटल कॅमेरा मी बरोबर नेलाच होता. ट्रायपॉड मात्र विसरलो होतो. (तो नेहमीच विसरला जातो.) आत्यानं तोड काढली. कापडी पिशवीत अर्धी ज्वारी भरून दिली. पलंगावर पाट, पाटावर पिशवी, तिच्यात कॅमेरा रुतवला की हलायचं नाव नाही. बटण दाबतानाही तो हलू नये म्हणून टायमर लावला. आणि पहिले सहा फोटो काढले.

सहाही सारखेच! एकाहून एक. दहा मिनिटं आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो. शेवटी भाचीलाच सापडलं. मी शटरची वेळ हातानं बदलत होतो, पण आयएसओ, म्हणजे कॅमेरा मिळालेला उजेड किती फुगवून दाखवतो तो आकडा, मी आपोआप ठेवला होता. मी उजेड कमी केला की कॅमेरा इमानेइतबारे तो वाढवून देत होता! मामाची फजिती घरभर सांगून झाली. मग आम्ही एका कागदावर लिहून ठेवलं: आयएसओ १००, झरोका म्हणजे ॲपर्चर ८ वर, फोकस हातानं, रंगाचा समतोलही एकाच जागी. बदलायची ती फक्त वेळ. झरोका का नाही बदलायचा? तो बदलला की पुढचं-मागचं किती रेखीव दिसतं तेही बदलतं, मग सहा फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत.

वेळा अशा घेतल्या: सेकंदाचा ५०० वा भाग, मग १२५ वा, ३० वा, ८ वा, अर्धा सेकंद आणि शेवटी दोन सेकंद. दर वेळी साधारण चौपट. पहिल्या फोटोत नुसती तुळस आणि चौक, बाकी अंधार. शेवटच्या फोटोत चौक म्हणजे पांढरा वणवा, पण फडताळातल्या बरण्यासुद्धा मोजता येतात!

आता हे सहा एकत्र कसे करायचे? इथं जरा गणित आहे, पण घाबरू नका, चौथीतलंच आहे. दाराच्या चौकटीवरचा एक ठिपका घ्या. समजा, ८ व्या भागाच्या फोटोत त्याचा आकडा १५० आहे, आणि ३० व्या भागाच्या फोटोत ४०. कुठला खरा? दोन्ही! १५० ला ८ ने गुणा. झाले १२००. ४० ला ३० ने गुणा. पुन्हा १२००! एका सेकंदात तिथून जितका उजेड आला असता, तो हा आकडा. आता उन्हातला कट्टा पाहा. ५०० व्या भागात त्याचा आकडा २०० असेल, तर उजेड झाला १,००,०००. आणि फडताळाचा कोपरा दोन सेकंदांत ५० वर पोचला असेल, तर त्याला दोननं भागा, म्हणजे २५. एक लाख आणि पंचवीस! चार हजार पटींचा फरक. २५६ पायऱ्यांच्या जिन्यात तो कसा मावायचा?

संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी हेच करतो. सहा साक्षीदार बोलावतो. जो ० च्या किंवा २५५ च्या जवळ आहे, त्याची साक्ष तो कमी धरतो, मधल्या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवतो, आणि सगळ्यांची सरासरी काढतो. अशा मोठ्या पल्ल्याच्या चित्राला हाय डायनॅमिक रेंज, थोडक्यात एचडीआर म्हणतात.

एक गोम आहे. उजेड दुप्पट झाला की कॅमेऱ्याच्या साध्या फोटोतला आकडाही दुप्पट होतोच असं नाही. चित्र डोळ्यांना बरं दिसावं म्हणून कॅमेरा आकडे वाकवतो. तो बाक किती, हे त्या फोटोंवरूनच शोधून काढायची एक रीत १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी मांडली. मलिक मूळचे मथुरेचे, शिकले कानपूरच्या आयआयटीत, आणि हे काम केलं अमेरिकेत, बर्कलेच्या विद्यापीठात. आज ल्युमिनन्स एचडीआरसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर्स हे सगळं काही मिनिटांत करून देतात.

आमचे सहा फोटो त्यात घातले. पाहतो तर काय, चौकात तीन बोके! तिन्ही अर्धवट पारदर्शक, भुतासारखे. फोटो चालू असताना आत्याचा बोका चौकातून आरामात फेरफटका मारून गेला होता. हलणारी वस्तू म्हणजे या छंदातली कायमची डोकेदुखी. १८३८ मध्ये दागेर यांनी पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात गाड्याघोडे आणि माणसं सगळी नाहीशी झाली. इतका वेळ लागायचा की हलणारं काही उमटेचना! उमटला तो फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो बराच वेळ एका जागी उभा होता. आम्ही बोक्याला दुधाची वाटी देऊन स्वयंपाकघरात कोंडला आणि पुन्हा सहा फोटो काढले.

आता शेवटची पायरी, आणि खरी कसोटी. चार हजार पटी २५६ पायऱ्यांत बसवायच्या. साधा उपाय असा: २५ पासून दुप्पट दुप्पट करत जा. बारा वेळा दुप्पट केलं की लाखाच्या पुढे पोचता. प्रत्येक दुपटीला सारख्या पायऱ्या वाटल्या तर वाट्याला येतात सुमारे २१. सगळं दिसतं, पण पाणी घातलेल्या पिठल्यासारखं बेचव! खांबावरचं कोरीवकाम उजेड-सावलीच्या बारीक फरकानं उठून दिसत असतं, तो फरकच चेपला जातो. म्हणून संगणक दुसरी युक्ती करतो. प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांच्या मानानं किती उजळ आहे हे बघतो आणि तो जवळचा फरक जपतो. आमच्या लहानपणी डार्करूममध्ये हेच हातानं करावं लागे. लाल दिव्याखाली, कागदावर चित्र पडत असताना पुठ्ठ्याचा तुकडा धरून एखादा भाग झाकायचा, म्हणजे तो उजळ राही. पुठ्ठा सतत हलवायचा, नाहीतर कडा उमटायची. किती कागद वाया घालवले असतील, देव जाणे!

संगणकात पुठ्ठा नाही, सरकपट्ट्या आहेत. भाचीनं सगळ्या सरकपट्ट्या उजवीकडे ढकलल्या. आहाहा! तुळस पोपटासारखी हिरवी, खांब केशरी, भिंतीचा पोपडा न् पोपडा दिसतोय, दाराभोवती चमकती किनार. “मामा, भारी!” मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? आम्ही धावत आत्याकडे.

आत्या बराच वेळ बघत राहिली. “छान आहे हो. पण हे कुणाचं घर?”

आमचे चेहरे पडले. मग तिनं बोट ठेवलं ते देवाच्या कोनाड्यावर. “इथं इतका उजेड कधीच नव्हता. म्हणून तर मी भर दुपारी समई लावायची.”

संध्याकाळी पुन्हा बसलो. या वेळी भाची संगणकापाशी नाही, आधी पलंगावर जाऊन बसली. काय उजळ दिसतंय, काय अंधुक दिसतंय, ते तिनं वहीत लिहून आणलं. ‘खांब दिसतो, नक्षी अर्धी दिसते. फडताळ आहे एवढंच कळतं. कोनाडा काळा. तुळस चमकते, पण पानं मोजता येत नाहीत.’ मग वही शेजारी ठेवून एकेक सरकपट्टी थोडी थोडी मागे आणली. कोनाडा पुन्हा काळोखात गेला. कट्ट्याचं ऊन डोळ्यावर येईल इतपत पांढरं राहू दिलं. दाराभोवतीची किनार गेली. दीड तास लागला, आणि चित्र सकाळच्यापेक्षा साधं दिसायला लागलं.

तुम्ही म्हणाल, आजकाल मोबाइल हे आपोआप करतो, मग एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. २०१० पासून आयफोनमध्ये ही सोय आली, आणि आता बऱ्याच मोबाइलमध्ये आहे. तुम्ही एकदा बटण दाबता, तो पटापट अनेक फोटो घेऊन जोडतो. पण कोनाडा किती काळा ठेवायचा, हेही तोच ठरवतो. त्याला समई कुठे ठाऊक? आणि आत्याच्या दारासारखा फरक फार असला की तोही हात टेकतो, ते आम्ही पाहिलंच होतं.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर खिडकीसमोर एखादी वस्तू ठेवा. मोबाइल पुस्तकांना टेकवून पक्का बसवा, टायमर लावा. पडद्यावर बोट टेकवलं की बऱ्याच मोबाइलमध्ये उजेड कमी-जास्त करायची खूण येते. एक फोटो गडद, एक मधला, एक फिकट, असे तीन घ्या. सूर्य चौकटीत येऊ देऊ नका. आईबाबांना संगणकाशेजारी बसवा आणि कुठला फोटो खोलीसारखा दिसतो ते त्यांना विचारा. भांडण होणार, खात्रीनं सांगतो. आमच्याकडेही झालं.

आत्यानं मात्र दोन फोटो मागून घेतले. एक आमचा जोडलेला. तो तिनं चौकटीत बसवून घेतलाय, नव्या घरात पलंगासमोर लावणार आहे. दुसरा कुठला असेल? सहावा, दोन सेकंदांचा! त्यात चौक पांढराफेक, फोटो म्हणून अगदी वाया गेलेला. पण फडताळाशेजारच्या अंधाऱ्या भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या, चार उभ्या, एक आडवी, अशा ओळीच्या ओळी. आम्हाला वाटलं, कुणा पोरानं रेघोट्या ओढल्यात. आत्यानं फोटो डोळ्यांजवळ धरला आणि खुदकन हसली.

“अगं बाई, माझ्या सासूबाईंचा दुधाचा हिशेब! म्हणजे त्या गवळ्याचे पैसे राहिलेच की द्यायचे.”